दृष्टांत कुठवर ताणायचा?

मराठी मुलाची समसंबंधाशी पहिली रीतसर गाठ पडते ती कवितेत नव्हे, शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत. गाय : गोठा :: घोडा : ? खाली चार पर्याय असतात, त्यातल्या ‘तबेल्या’पुढचं वर्तुळ काळं करायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. हेच पोर दहा वर्षांनी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसतं, तेव्हाही समसंबंधाचं प्रकरण पाठीशी असतंच. प्रश्न पोरकट वाटतो, पण तो सोडवताना डोकं बरंच काम करतं. गाय आणि घोडा दोघांनाही चार पाय, शेपूट, खूर आहेत. त्या साम्याचा इथे काडीचा उपयोग नाही. उपयोगी आहे ते नातं, म्हणजे जनावर आणि ते बांधण्याची जागा. वस्तू सोडून नातं उचलायचं आणि दुसरीकडे नेऊन बसवायचं, एवढंच काम. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी १९८३ साली उपमानविचाराचा जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभाही हाच: चांगलं उपमान वस्तूंचे गुण नेत नाही, त्यांच्यामधल्या नात्यांची रचना नेतं.

ही कला मराठीत आज कोणत्या अवस्थेत आहे? दृष्टांत देणाऱ्यांना तोटा नाही. कीर्तनकार देतात, अग्रलेख देतात, अर्थसंकल्पावर बोलणारे देतात, विज्ञानलेखक तर त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. दृष्टांत तपासणारे मात्र शोधावे लागतात. याचं एक कारण शाळेतच सापडतं. अलंकारांच्या धड्यात उपमेची चार अंगं शिकवतात: उपमेय, उपमान, दोघांत समान असलेला गुण आणि साम्य दाखवणारा शब्द. मुख चंद्रासारखं म्हटलं की ही चारही अंगं ओळखून मार्क मिळवायचे. मुख आणि चंद्र कुठे वेगळे आहेत, हे लिहायला तक्त्यात रकानाच नाही. अलंकारापुरतं ते चालतं. चंद्रावर खड्डे आहेत म्हणून प्रेयसी रुसणार नाही. पण तोच तक्ता डोक्यात घेऊन माणूस अर्थशास्त्र, रोग, कायदा, विश्वाची उत्पत्ती यांवर लिहायला बसला की गडबड सुरू होते.

गंमत अशी, की हा रकाना आपल्याकडे फार जुना आहे.

न्यायदर्शनात उपमान हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलेलं आहे. शहरातल्या माणसानं गवय कधी पाहिलेला नाही. रानात वावरणारा त्याला सांगतो, ‘गवय गाईसारखा असतो.’ पुढे तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय. मीमांसकांनी हा अनुभव उलट्या बाजूनं पाहिला. त्यांच्या मते रानात गवय पाहिल्यावर घरच्या गाईविषयी जे नवं कळतं, की ती याच्यासारखी आहे, ते उपमान. बौद्ध नैयायिक आणि वैशेषिक यांना तर उपमानाची वेगळी चूलच मान्य नव्हती. वैशेषिकांनी ते अनुमानाच्याच घरात नेऊन बसवलं. हा वाद शतकानुशतकं चालला, पण त्याहून आजच्या वाचकाच्या उपयोगाची गोष्ट न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात आहे. तिथे ‘जाति’ नावाच्या चोवीस फसव्या उत्तरांची यादी येते आणि तिची सुरुवातच होते ‘साधर्म्यसम’ आणि ‘वैधर्म्यसम’ या दोघांनी. एक जण म्हणतो, शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो, घटासारखा. दुसरा उठून म्हणतो, छे, शब्द नित्य आहे, कारण त्याला आकार नाही, आकाशासारखा. दोघांकडेही एकेक साम्य आहे. मग निकाल कसा लावायचा? नैयायिकांचं उत्तर असं: नुसतं साम्य दाखवून काहीच सिद्ध होत नाही. निर्माण होणं आणि नाश पावणं यांची सांगड अटळ आहे, निराकार असणं आणि नित्य असणं यांची तशी नाही. गाय ठरते ती गाईपणानं. शेपूट आहे म्हणून नव्हे.

त्यांच्या पंचावयवी, म्हणजे पाच भागांच्या अनुमानवाक्यातही ही काळजी दिसते. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात. हे झालं जुळणारं उदाहरण. जोडीला न जुळणारंही द्यायचं: तळ्यात अग्नी नाही आणि धूरही नाही. स्वयंपाकघर आणि तळं अशी दोन्ही टोकं दाखवली की ऐकणाऱ्याला साम्याची हद्द कळते. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’सारखा महाग्रंथ याच मातीत तयार झाला, पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२८ साली वासुदेवशास्त्री अभ्यंकरांकडून त्याची सुधारित आवृत्ती करून घेतली. पण पंडितांच्या कपाटातला हा माल मराठी निबंधात, वर्तमानपत्रात फारसा उतरला नाही. उतरला तो त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे लौकिक न्याय, लोकव्यवहारातले ठरीव दृष्टांत. काकतालीय, घुणाक्षर, अंधगज, सूचीकटाह, देहलीदीप. कर्नल जी. ए. जेकब या इंग्रज अधिकाऱ्यानं असे न्याय वेचून ‘लौकिकन्यायाञ्जलि’ या नावानं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९०० पासून तीन ओंजळींत प्रसिद्ध केले. जुन्या वळणाच्या मराठी अग्रलेखांची निम्मी फोडणी याच डब्यातली.

त्यांतल्या दोन न्यायांकडे जरा निरखून पाहण्यासारखं आहे. एक अरुंधतीदर्शनाचा. लग्नात वधूला अरुंधती दाखवायची, पण ती पडली बारीक तारका. म्हणून आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की सांगायचं, तो नव्हे, त्याच्या लगतची. उपमानाचा इतका प्रामाणिक वापर दुसरा नसेल. जवळचं दाखवायचं आणि काम झालं की ते स्वतःच मोडीत काढायचं. दुसरा स्थालीपुलाकाचा, मराठीत शितावरून भाताची परीक्षा. निवडणुकीच्या अंदाजांचं शास्त्र समजावताना हा न्याय हटकून येतो: हजारभर मतदार विचारले तरी पुरतं, भांड्यातली सगळी शितं कुणी चेपून पाहत नाही. खरं आहे, पण एक अट गाळून. एका भांड्यात, एकाच आचेवर, एकाच जातीचा तांदूळ शिजलेला असेल तरच एक शीत बाकीच्यांच्या वतीनं बोलतं. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर बसवलं होतं. निकाल आला २९३. महाराष्ट्रात तर ४८ पैकी १७ जागा महायुतीला आणि ३० महाविकास आघाडीला. शीत चेपण्याचं तंत्र चुकलं असेल, नसेल. पण मराठवाड्याचा तांदूळ आणि मुंबईचा तांदूळ एकाच आचेवर होता का, हा प्रश्न त्या रात्री वाहिन्यांवर शितं मोजणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारला.

मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीला मात्र दृष्टांताची तपासणी हा रचनेचाच भाग होता. महानुभाव पंथाचा ‘दृष्टांतपाठ’ घ्या. चक्रधरस्वामींची सूत्रं आणि त्यांनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबास म्हणजे केशवराज सूरींनी एकत्र केले आणि प्रत्येकाला तिसरा भाग जोडला, दार्ष्टांतिक. आधी सूत्र, मग गोष्ट, मग गोष्टीतलं काय सूत्रातल्या कशाशी जोडायचं याची उकल. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची जगप्रसिद्ध गोष्ट इथेही आहे. ती ऐकून वाटेल तो बोध घ्यायची मोकळीक मात्र ऐकणाऱ्याला नाही. गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातून निसटू नये, तिचा भलताच अर्थ निघू नये, यासाठी दार्ष्टांतिकाची खुंटी ठोकलेली आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर तेराव्या शतकातल्या एका शिष्यानं गुरूच्या उपमानांचा नकाशा काढून ठेवला. मराठीच्या इतिहासात या कामाचं कौतुक झालं ते जुन्या गद्याचा नमुना म्हणून. तर्काची शिस्त म्हणून त्याकडे कमी पाहिलं गेलं.

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत अन्याय वेगळ्या तऱ्हेचा आहे. त्यांच्या उपमांची स्तुती इतकी झाली, की त्या काय काम करतात हे पाहायचं राहूनच गेलं. पहिल्या अध्यायातला भुंगा सगळ्यांना ठाऊक असतो: कोरडं लाकूड लीलया पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकला की सुटत नाही. हे सुंदर आहे, हे कुणीही सांगेल. पण इथे भुंगा अर्जुनासारखा दिसत नाही, कळी नातलगांसारखी दिसत नाही. जुळतं आहे ते एक चमत्कारिक नातं: कठीण भेदणारं बळ मऊ वस्तूपुढे निकामी होतं. महापराक्रमी माणूस मायेपुढे का लुळा पडला, याचं ते स्पष्टीकरण आहे, सजावट नव्हे.

याहून सूक्ष्म प्रकार नवव्या अध्यायात घडतो. ईश्वरानं हे सगळं व्यापलं आहे, हे सांगताना ज्ञानदेव आधी दुधाचं दही, बीजाचा वृक्ष, सोन्याचा दागिना असे दृष्टांत देतात. वेदांत जाणणारा श्रोता इथे कान टवकारेल. दुधाचं दही झालं की दूध उरत नाही आणि दह्याचं पुन्हा दूध होत नाही. हा तर परिणामवाद झाला, आणि त्यानं ब्रह्मच बदललं असं मानावं लागेल. बीज-वृक्षाचं तेच. सोन्यात तो दोष नाही, दागिना आटवला की सोनं परत. पण दागिन्याला घडवणारा सोनार बाहेरून लागतो. एकेक दृष्टांत एकेका बाजूला लंगडा. पुढच्याच थोड्या ओव्यांत मग फुलांची माळ येते, जिच्यावर संशयानं साप भासला होता आणि संशय जाताच सापपण गेलं. म्हणजे दही पुसलं गेलं. बदल झालाच नव्हता, तो दिसला होता. पहिल्या तीन दृष्टांतांवर थांबणारा वाचक ज्ञानेश्वरांना एका दर्शनाचे ठरवील, पुढे जाणारा दुसऱ्या. भारतीय तत्त्वज्ञानात दृष्टांत निवडणं हीच कित्येकदा भूमिका घेणं असतं. दूध-दही म्हटलं की एक पक्ष, दोरी-साप म्हटलं की दुसरा. ज्ञानदेव ही निवड श्रोत्याच्या देखत करतात, आधीच्या दृष्टांताची हद्द नंतरच्या दृष्टांतानं आखून देतात, आणि उपमांची रांग फार लांबली असं वाटलं की ‘हे असो’ म्हणून स्वतःच लगाम खेचतात. त्या दोन शब्दांत जी जाण आहे ती पुढच्या अनेक रूपकप्रेमी मराठी लेखकांना पेलली नाही.

वि. स. खांडेकर हे त्याचं ठळक उदाहरण. रूपककथा त्यांनी मराठीत रुजवली हे मान्य. पण त्यांच्या निबंधांत आणि कादंबऱ्यांत कित्येकदा उपमा आधी सुचते आणि विचार तिच्या मागून येतो. एका पिढीनं ते शैली म्हणून गिरवलं. त्याला उतारा मर्ढेकरांनी दिला, आणि तो दुहेरी होता. कवितेत त्यांनी चंद्र-कमळांची जुनी उपमानं बाजूला सारून पिपातले उंदीर आणले. सौंदर्यशास्त्रात ‘भावनानिष्ठ समतानता’ ही कल्पना मांडली. दोन गोष्टी प्रतिमेत एकत्र येतात त्या दिसण्यातल्या सारखेपणामुळे नव्हे, त्या मनात जागवत असलेल्या भावनांच्या सारखेपणामुळे, असा तिचा रोख. साम्य वस्तूत नसून संबंधात असतं, हे गेंटनरबाईंच्या कितीतरी आधी एका मराठी समीक्षकानं कवितेपुरतं ओळखलं होतं. १९७२ साली ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनी उपमानांची पेठच बदलून टाकली. त्याच वर्षी आलेल्या ‘काजळमाया’च्या जी. ए. कुलकर्णींनी तर ज्यांचं दार्ष्टांतिक मुद्दामच दिलेलं नाही अशा दृष्टांतकथा लिहिल्या. साहित्यात ही कला आजही तब्येतीत आहे. प्रश्न साहित्याचा नाहीच.

प्रश्न आहे तो माहिती देणाऱ्या, समजावून सांगणाऱ्या गद्याचा.

विज्ञानलेखनात उपमानाविना चालणार नाही, कारण विज्ञान स्वतःच त्यावर चालत आलं आहे. डार्विननं १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात कबुतरं पैदा करणाऱ्यांच्या निवडीपासून केली आणि तिथून निसर्गाच्या निवडीकडे गेला. सूर्य ग्रहांना कसा हलवतो, हे शोधताना केप्लरनं प्रकाशाचं उपमान घेतलं. आणि लगेच फरकही नोंदला, की प्रकाश सगळीकडे पसरतो, ही प्रेरणा मात्र ग्रहांच्या पातळीतच पसरत असली पाहिजे. मॅक्सवेलनं १८५६ मध्ये फॅरडेच्या बलरेषा समजून घेण्यासाठी न दाबल्या जाणाऱ्या द्रवाचं चित्र वापरलं आणि बजावलं, की असा द्रव प्रत्यक्षात आहे असं कुणी समजू नये. १९६३ साली तत्त्वचिंतक मेरी हेस यांनी याचं व्याकरण लिहिलं. उपमानात काही भाग जुळणारा, काही न जुळणारा आणि काही अजून न ठरलेला असतो; नवा शोध लागतो तो या तिसऱ्या, अनिर्णित भागात. उपमान देताना तिन्ही भाग वेगळे ठेवणं, ही हेस यांची अपेक्षा.

मराठीतल्या लोकप्रिय विज्ञानात पहिल्याच भागावर काम भागवतात. विश्वाच्या प्रसरणाचा फुगा घ्या. एडिंग्टननं १९३३ साली हे उपमान रूढ केलं, आणि तेव्हापासून फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवणं हा विज्ञानमेळाव्यांचा ठरलेला कार्यक्रम झाला. ठिपके एकमेकांपासून दूर जातात, कुठलाच ठिपका मध्यभागी नसतो, इथवर छान. पण फुगा फुगतो तसा शाईचा ठिपकाही फुगतो. दीर्घिका फुगत नाहीत, गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवतं. शाईऐवजी टिकल्या चिकटवल्या तरी ही चूक टळते. दुसरी चूक मोठी आहे. मुलं हमखास विचारतात, फुग्याच्या आत काय आहे? उत्तर असं, की उपमान फक्त रबराच्या पृष्ठभागापुरतं आहे, आतल्या हवेचा विश्वाशी संबंध नाही. हे वाक्य फुगा फुगवण्याआधी सांगायला हवं. ते बहुधा सांगितलंच जात नाही. ‘महास्फोटा’ची कथा तर आणखी मजेची. हे स्फोटाचं रूपक १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर दिलं ते फ्रेड हॉईल यांनी, आणि त्यांना तो सिद्धांत मान्यच नव्हता. हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनाही तो शेवटपर्यंत पटला नाही. विरोधकानं दिलेलं उपमान सिद्धांताला चिकटलं आणि विश्व एखाद्या जागी फुटलं, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालू राहिली.

अणूचंही असंच. जे. जे. थॉमसन यांच्या १९०४ च्या प्रारूपाला ‘प्लम पुडिंग’ म्हणायची पद्धत पडली. ते नाव थॉमसननी दिलेलं नव्हतं, आणि हा नाताळचा इंग्रजी पदार्थ आपल्या मुलांनी कधी चाखलेला नसतो. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकानं म्हणून जोडीला कलिंगड आणलं: लाल गर म्हणजे धनभार, बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. देशी उपमान आणलं हे चांगलंच झालं. उपमान आपल्या ताटातलं असलं, की हद्द विचारायला मूलही कचरत नाही.

कोणतं उपमान हाती द्यायचं हा प्रश्न किती गंभीर आहे, हे डेड्रे आणि डॉनल्ड गेंटनर यांच्या १९८३ च्या प्रयोगात दिसलं. वीज म्हणजे नळातून वाहणारं पाणी असं मनाशी धरणारे विद्यार्थी बॅटऱ्यांच्या जोडणीचे प्रश्न बरे सोडवत. वीज म्हणजे दारांतून रेटत जाणारी गर्दी असं धरणारे रोधकांच्या प्रश्नांत सरस ठरत. म्हणजे उपमान नुसतं समजुतीची सोय करत नाही, चूक कुठे होणार तेही आधीच ठरवून ठेवतं.

आणखी एक अडचण आहे, आणि ती दृष्टांतांवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं ध्यानात घ्यावी अशी. १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी डुंकरचं जुनं कोडं घेतलं. पोटातल्या गाठीवर प्रखर किरण सोडले तर गाठ नष्ट होईल, पण वाटेतलं निरोगी शरीरही जळेल, काय करावं? उत्तर असं, की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे आणि ते गाठीवर एकत्र आणायचे. नुसतं कोडं दिलं तर दहातल्या एखाद्यालाच हे सुचे. आधी एका सेनापतीची गोष्ट सांगितली, ज्यानं सुरुंग पेरलेल्या वाटांवरून सैन्याच्या लहान तुकड्या पाठवून किल्ल्यापाशी गाठ घातली, आणि ‘ही गोष्ट वापरा’ असं सुचवलं, की सुमारे तीन चतुर्थांश लोकांना जमे. गोष्ट सांगितली पण सूचना दिली नाही, तर हे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येई. गोष्ट नुकतीच ऐकलेली, तरी ती कामाची आहे हे लक्षात येत नाही! केशिराजबासांनी दार्ष्टांतिकाचा खटाटोप का केला असेल, हे या आकड्यांवरून चांगलं कळतं. केव्हिन डनबर यांनी नव्वदच्या दशकात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत बसून जे टिपलं तेही याच्याशी जुळतं. खरे संशोधक काम करताना दूरची, चमकदार उपमानं क्वचित वापरतात. एका जंतूवरून त्याच्याच भाऊबंदाकडे जातात. सूर्यमाला आणि किल्ले बाहेर येतात ते पाहुण्यांना समजावून सांगताना.

आता अर्थसंकल्प. दर फेब्रुवारीला मराठी वर्तमानपत्रांत एक गृहिणी अवतरते आणि देशाचा जमाखर्च तिच्या स्वयंपाकघरातून समजावला जातो. मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला तर उसनवारी, उसनवारी वाढली तर दिवाळं. उपमान मोडतं कुठे? घरातल्या बाईनं भाजी कमी आणली तर तिचा पगार कमी होत नाही. सरकारनं खर्च आवरला तर कंत्राटदाराची, शिक्षकाची, दुकानदाराची मिळकत घटते आणि त्यांच्याकडून येणारा करही घटतो. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, हे केन्सनं १९३६ साली सांगितलं. शिवाय मुंबईत रिझर्व्ह बँक नावाची संस्था आहे. घरात तशी नसते. पण म्हणून हे उपमान सरसकट फेकूनही देता येत नाही. केंद्राच्या खर्चातला जवळपास चौथा हिस्सा व्याजात जातो, आणि ते ओझं घरच्या हप्त्याइतकंच खरं आहे. आणखी एक बारकावा. महाराष्ट्र सरकार नोटा छापत नाही, त्याला कर्जाची मर्यादा आहे, केंद्राच्या संमतीचं बंधन आहे. म्हणजे घरखर्चाचा दृष्टांत दिल्लीच्या अर्थसंकल्पाला जेवढा थिटा पडतो, तेवढा विधानभवनातल्या अर्थसंकल्पाला पडत नाही. एकच दृष्टांत एका ठिकाणी लागू आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धाच लागू, हे सांगायला दोन वाक्यं लागतात. ती दोन वाक्यं फारशी कुठे दिसत नाहीत.

रोगाला युद्ध म्हणण्याची सवयही अशीच. सुसान सोनटॅग यांनी १९७८ मध्ये क्षय आणि कर्करोगाच्या रूपकांवर पुस्तक लिहून दाखवलं, की त्यांचा भार शेवटी रोग्यावरच पडतो. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, वाराणसीकरांशी बोलताना पंतप्रधानांनी महाभारताची आठवण काढली. ते युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे २१ दिवसांत जिंकायचं आहे, असा त्याचा आशय होता. देश उभा करायला ते प्रभावी होतं यात शंका नाही. पण विषाणू शरण येत नाही, तह करत नाही, आणि अठराव्या दिवशी त्याचे सेनापती संपत नाहीत. परिचारिकांना ‘योद्धे’ म्हटल्यानंतर त्यांनी संरक्षक पोशाख मागणं हे तक्रारीसारखं ऐकू येऊ लागलं. रूपकानं सोय केली ती बोलणाऱ्यांची.

यंत्रांनी या कलेत अलीकडे जे केलं त्यावर मराठीत फार भाबडं लिहिलं गेलं. २०१३ मध्ये शब्दांचे सदिश करून ‘राजा वजा पुरुष अधिक स्त्री बरोबर राणी’ हे समीकरण गाजलं. त्यातली मेख अशी, की गणित करताना दिलेले शब्द उत्तरातून वगळलेले असत. न वगळले तर बऱ्याचदा ‘राजा’च परत येई. २०१६ मध्ये त्याच पद्धतीनं पुरुषाला संगणक-प्रोग्रॅमर आणि बाईला गृहिणी ठरवून दाखवलं. नातं यंत्राला सापडलं होतं, पण ते आपल्याच लिखाणातलं होतं. पुढची मोठी भाषा-प्रारूपं अधिक तरबेज निघाली. टेलर वेब, होलिओक आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ती समसंबंधाच्या कोड्यांत माणसाच्या बरोबरीनं चालतात असं दाखवलं. मेलनी मिचेल आणि मार्था लुईस यांनी मुळाक्षरांचा क्रमच विस्कटून त्यांतली अक्षरांची कोडी घातली, तेव्हा माणसं टिकली आणि यंत्रं घसरली.

या कोड्यांचा मूळ नमुना डग्लस हॉफस्टॅडर यांचा, आणि तो देवनागरीत करून पाहण्यासारखा आहे. ‘कखग’चं ‘कखघ’ झालं, तर ‘ळक्षज्ञ’चं काय होईल? ज्ञच्या पुढे तर वर्णमालाच संपते. कुणी फिरून क वर येईल. कुणी घाबरून शेवटी घ चिकटवील, शब्दशः नक्कल. आणि एखादी बुद्धिमान मुलगी म्हणेल, हा गट वर्णमालेच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून सगळंच आरशात उलटं करू: डावीकडचं अक्षर एक घर मागे न्यायचं, ‘हक्षज्ञ’. तिन्ही उत्तरं चुकीची नाहीत. तिसरं जास्त चांगलं आहे, आणि ते चांगलं का, हे सांगता येणं हीच उपमानाची समीक्षा. शिष्यवृत्तीच्या पेपरात त्याला जागा नाही. अमेरिकेनं तर २००५ मध्ये एसएटी परीक्षेतून समसंबंधच काढून टाकले.

या कलेची खरी कसोटी आज न्यायालयांत लागते आहे, कारण तिथे उपमानाची किंमत मोजावी लागते. आधीचा खटला आत्ताच्या खटल्यासारखा आहे, असं एक वकील म्हणतो. दुसऱ्याचं कामच ते कुठे वेगळे आहेत हे दाखवणं. इंग्लंडच्या १८६८ च्या ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ खटल्यात फुटलेल्या जलाशयावरून नियम आला: धोक्याची वस्तू साठवणाऱ्यानं, ती निसटून झालेलं नुकसान स्वतःची चूक नसली तरी भरून द्यायचं. दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीनंतर डिसेंबर १९८६ मध्ये न्या. भगवती यांच्या पीठानं तो नियम, त्याच्या अपवादांसह, धोकादायक कारखान्यांना पुरत नाही असं ठरवलं. पाणी आणि विषारी वायू इथवरच सारखे.

देवाच्या मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो. प्रिव्ही कौन्सिलनं १९२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. मूर्ती स्वतः बोलू शकत नाही, म्हणून अज्ञान बालकाला जसा पालक तसा तिला व्यवस्थापक. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयानं ही साखळी आणखी लांबवली: मूर्ती व्यक्ती असेल तर गंगा-यमुना का नसाव्यात? नद्यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा मिळाला, आणि पालक म्हणून राज्याचे मुख्य सचिव, महाधिवक्ता आणि नमामि गंगेचे संचालक नेमले गेले. बातमी आली तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी तिचं भरभरून कौतुक केलं. उत्तराखंड सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे त्यानं जो प्रश्न केला तो नैयायिकाला शोभणारा होता: पुरात कुणाचं शेत वाहून गेलं, कुणी बुडून मेलं, तर नुकसानभरपाईचा दावा नदीवर लावायचा का, आणि ती भरायची कुणी, मुख्य सचिवांनी? ७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.